भाच्याला मुलाखतीसाठी एमआरची (औषध कंपनीच्या विक्री प्रतिनिधीची) विद्या शिकवली. चुकलो का?

बॅगवाला:

भाचा सांगलीचा. मेकॅनिकल डिप्लोमा, २ वर्षं व्हीएमसीवर (धातू कापायच्या कॉम्प्युटर मशिनवर) काम केलेलं. सध्या चाकणला मुलाखती देतोय. तीन ठिकाणी "कळवतो" म्हणाले आणि कुणीच कळवलं नाही. गेल्या रविवारी त्याला समोर बसवलं आणि म्हटलं, मी एचआर, सांग स्वतःबद्दल. पोरगं सुरू झालं: माझं नाव अमुक, वडील शेती करतात, आई घरीच असते, एक लहान बहीण, दहावीला ७८ टक्के, क्रिकेटची आवड. पावणेदोन मिनिटं झाली तरी मशिनचं नाव नाही.

मी २२ वर्षं एमआर होतो. खांद्याला बॅग, पेशंटांच्या गर्दीत भिंतीला टेकून तासभर उभं राहायचं आणि आत गेल्यावर मिळायची दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत औषधातलं रसायन सांगत बसलात, की डॉक्टर पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवणार. "रात्री एकच गोळी, म्हणजे म्हातारा माणूस विसरत नाही" एवढं म्हणालात तर मान वर करून बघणार. आमच्या ट्रेनिंगमध्ये याला फीचर, ॲडव्हांटेज, बेनिफिट म्हणायचे. तेच भाच्याला लावलं. "मला मशिनचा फानुक कंट्रोल येतो" हे नुसतं फीचर झालं. "नव्या जॉबसाठी मशिन लावायला, म्हणजे सेटिंगला, ४० मिनिटं जायची. पुढच्या जॉबची टूलं आधीच लावून ट्रॉलीवर ठेवायला लागलो, तेव्हा २५ वर आली" हे ऐकणाऱ्याच्या कामाचं. (हे त्याने खरंच केलंय. पण त्यात सांगण्यासारखं काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.)

दुसरी गोष्ट शिकवली ती आरसीपीए. म्हणजे डॉक्टरला भेटायच्या आधी खालच्या केमिस्टकडे डोकावायचं आणि सध्या कुणाची औषधं लिहून येतायत ते बघायचं. भाच्याला म्हटलं, आदल्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या गेटबाहेर टपरीवर जा, चहा घे, पोरांशी गप्पा मार. मशिनी कुठल्या, पार्ट कुठला, रिजेक्शन कशात जातं. ती टपरी म्हणजे आपला केमिस्ट.

ताई, म्हणजे भाच्याची आई, माझ्यावर उखडलीय. म्हणते, पोराला लबाडी शिकवतोस. मला तसं वाटत नाही. तुमचं मत?

मायक्रोमीटर:

मी ताईंच्या बाजूने. भोसरीत क्वालिटीला आहे, ऑपरेटर घेताना पॅनेलवर बसतो. हल्ली येणाऱ्या प्रत्येक पोराने सेटिंग टाइम कमी केलेला असतो. प्रत्येकाने! पुणे जिल्ह्यात सेटिंगला आता वेळ लागतच नसावा.

मी ऐकून घेतो आणि ड्रॉइंग पुढे सरकवतो. बोअर (भोक) २५ एच७, म्हणजे व्यास २५ मिमी आणि मापात एच७ वर्गाची ठरलेली सूट. "बोअर २५.०२५ आला. पास का रिजेक्ट?" मागच्या महिन्यात एकजण आला, शर्ट इन केलेला, इंग्रजी फाडफाड, "क्वालिटी इज माय पॅशन सर". ड्रॉइंगकडे बघून म्हणाला, "पास सर, २५ मायक्रॉनचाच तर फरक आहे." एच७ ला त्या साइजवर वरची हद्द २१ मायक्रॉन (०.०२१ मिमी). म्हणजे पार्ट रिजेक्ट. म्हटलं, बरं, मोजशील कशाने? म्हणे व्हर्निअरने. ज्याचा लीस्ट काउंटच (सगळ्यात लहान मोजता येणारं माप) ०.०२ मिमी आहे, त्याने हा मायक्रॉन मोजणार!

त्याच्यामागून लातूरकडचा एक मुलगा आला. नाव सांगतानाच घामाघूम. काही न बोलता बोअर गेज उचललं, मास्टर रिंगवर (अचूक मापाच्या कडीवर) झीरो केलं, बोअरमध्ये घालून हळू डोलवलं आणि काटा जिथून उलटा फिरतो ते रीडिंग वाचलं. घेतला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

बॅगवाला:

तुम्ही कांकण बघायला हात तरी पुढे करू देता. भाच्याला तिन्ही ठिकाणी मशिनपर्यंत नेलंच नाही. एका जागी तर एचआरचा माणूस लॅपटॉपवरून नजर न काढता बोलत होता. तो घामाघूम मुलगा तुमच्यापर्यंत पोचला म्हणून तुम्हाला दिसला. आधीच्या चाळणीत त्याच्यासारखे किती गळले, ते तुम्हाला कुठून दिसणार?

कडूकारलं:

एमआरने विक्रीची नीतिमत्ता शिकवावी म्हणजे कमाल झाली. पेनस्टँडपासून परदेशवारीपर्यंत काय काय चालायचं ते आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या टेबलावर दिसायचं. २०२४ मध्ये केंद्राला औषध विपणनाची संहिता आणून डॉक्टरांच्या भेटवस्तूंवर बंदी घालावी लागली, ती काय हौस म्हणून? भाच्याबरोबर एचआरसाठी ड्रायफ्रूटचा डबाही द्या पाठवून.

बॅगवाला:

लागलं, आणि लागायलाच हवं होतं. दिवाळीचे डबे मीही वाहिलेत. पण त्यातूनच शिकलेलं सांगतो. डब्यावर मिळालेला डॉक्टर दुसऱ्याचा मोठा डबा आला की गेला. ज्याच्या पेशंटला फरक पडला, तो मी लाइन सोडेपर्यंत टिकला. भाच्याला मी डबा शिकवलेला नाही.

श्रावणसरी:

एचआरमध्ये आहे, तेव्हा शिव्यांची सवय आहे. दोन्ही बाजूंना थोडं थोडं ऐकवते.

मायक्रोमीटर, तुम्ही जे करता त्याला अभ्यासाचा आधार आहे. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी निवडीच्या पद्धतींवरच्या अनेक वर्षांच्या संशोधनाची गोळाबेरीज केली. मुलाखतीतले गुण आणि पुढचं प्रत्यक्ष काम किती जुळतं, हे बघायचं होतं. सगळ्यांना तेच प्रश्न, ठरलेली गुणपद्धत, अशा मुलाखतीला ०.५१ आलं (१ म्हणजे तंतोतंत जुळणी). नुसत्या गप्पांच्या मुलाखतीला ०.३८. पुढे २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हिशेब दुरुस्त केला, तेव्हा पहिला आकडा ०.४२ झाला आणि गप्पांचा थेट ०.१९ वर घसरला. विक्रीची कला नेमकी कुठे चालते? या ०.१९ वाल्या खोलीत. म्हणजे दोष विकणाऱ्याइतकाच आमच्यासारख्या ग्राहकांचाही आहे. तयारी न करता आम्ही मुलाखत घ्यायला बसतो, मग जो बरा बोलतो तो बरा वाटतो.

आता बॅगवाले, तुमच्यासाठी. विक्रीतलं सगळंच इथे आणू नका. हल्ली कोणीतरी 'क्लोजिंग' शिकवून पाठवतं. मुलाखत संपताना मुलगा हसून विचारतो, "मग मॅडम, जॉइनिंग कधीचं धरू?" अंगावर पाल पडल्यासारखं होतं. लक्ष्मी रोडच्या साडीच्या दुकानात "बांधू ना ताई?" चालतं, कारण साडी मी स्वतःसाठी घेत असते. इथे मला अजून चौघांना विचारायचं असतं.

पण त्याच दुकानातली दुसरी गोष्ट जरूर घ्या. मुरलेला सेल्समन गादीवर आधी साड्या उलगडत नाही. आधी विचारतो, "कुणासाठी हवीय? घरचंच लग्न का? नेसणार कोण, तुम्ही का आई?" चार प्रश्न झाले की मग मागे वळून बरोबर तोच गठ्ठा काढतो. मुलाखतीला येणारे पहिल्या मिनिटाला अख्खं कपाट गादीवर ओततात.

आणि हो, 'मी' म्हणायला शिकवा. आपली मुलं सगळं 'आम्ही' केलं म्हणतात. घरचं वळण म्हणून गोड वाटतं, पण त्यात तू कुठे होतास ते कळत नाही. दहा जणांचं काम एकट्याच्या नावावर खपवणाराही येतो, पण दोन उलटे प्रश्न विचारले की तो उघडा पडतो. 'आम्ही' म्हणणारा बिचारा तिथवर पोचतच नाही.

नेकारकाठचा:

मी ११ वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला आहे. इथे निराळीच मजा. नोकरी सोडताना मालकाकडून लेखी प्रशस्तिपत्र मागायचा कायद्याने हक्क आहे, आणि ते नोकराच्या पुढच्या वाटेत धोंडा होईल असं लिहायचं नाही हाही दंडक. मग मालकांनी सांकेतिक भाषा काढली. 'सदैव आमच्या पूर्णतम समाधानाप्रमाणे काम केलं' हा पहिला वर्ग. 'सदैव' गाळलं आणि 'पूर्णतम' चं 'पूर्ण' केलं की दोन पायऱ्या खाली. आणि 'त्यांनी प्रयत्न केले' असं असेल तर समजा, बाजार उठला. मी पहिलं पत्र हातात पडल्यावर खूश होऊन घरी फोटो पाठवला होता. शेजारच्या आजोबांनी वाचून दाखवलं तेव्हा कळलं, तिसरा वर्ग.

मुद्दा काय, माणसाने स्वतःची जाहिरात करायची नाही असं ठरवलं, तरी कुणीतरी ती करतंच, आणि त्यातही खुब्या असतातच. त्यापेक्षा आपली आपण केलेली बरी.

बांधावरून:

इथे सगळे शहरातले दिसताय. 'स्वतःला विका' हे कुणाला सोपं जातं? ज्याच्या घरात बैठकीच्या खोलीत पाहुण्यांसमोर पोराला कविता म्हणायला लावतात, त्याला. आमच्याकडे मोठ्यांसमोर पोरगं जास्त बोललं की "लई शाना झालाय" म्हणून गप करतात. आपल्या तोंडाने आपलं कौतुक करणारा म्हणजे हलका माणूस, हे डोक्यात घट्ट बसलेलं. तो मुलगा तुमच्या काचेच्या खोलीत बसून 'माझी बलस्थानं' कशी सांगणार?

सरकारलाही ते कळलं. १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात पंतप्रधान कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद करा म्हणाले, आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्रात गट क आणि अराजपत्रित गट ब च्या पदांना मुलाखत उरली नाही. लेखी परीक्षा, कौशल्य चाचणी, संपलं. वशिला आणि चटपटीतपणा, दोन्ही एका दगडात. (वरच्या साहेबांसाठी मात्र ठेवलीय. यूपीएससीला एकूण २०२५ गुणांपैकी २७५ अजून मुलाखतीचेच.) खाजगीवाल्यांनीही मशिनवर उभं करावं आणि काय ते बघावं. विक्रीची विद्या जेवढी पसरेल, तेवढा न बोलणारा मागे पडेल.

बॅगवाला:

बांधावरून, तुमचं बोलणं मनाला लागलं, कारण भाचा त्याच घरातला आहे. पण म्हणूनच शिकवतोय ना! शहरातल्या पोराला हे आईच्या हाताखालीच मिळालं, आमच्याला रविवारी मामाने सांगितलं. खाजगी कंपन्या मुलाखती बंद करतील तेव्हा करतील. याचा नंबर गुरुवारी आहे.

पुन्हा_हरिओम:

मुलासाठी ६ वर्षं घरी होते, काही वर्षांपूर्वी परत अकाउंट्सला लागले. एक उपाय सांगते, फायदा-तोटा दोन्हींसकट. विक्रीत म्हणे गिऱ्हाइकाची शंका त्याच्या तोंडून निघायच्या आधी आपणच काढायची. मी बसल्या बसल्याच म्हटलं, "६ वर्षांचा खंड आहे, त्या काळात जीएसटी आला, तो मी क्लास लावून शिकले, आता दोन दुकानांची रिटर्न भरते." समोरच्यांचा चेहरा सैल झाला. पुढचा अर्धा तास कामावरच बोलणं झालं. तोटा असा, की पगाराच्या वेळी त्यांनी तोच खंड उचलून माझ्यासमोर ठेवला. "तुम्हीच म्हणालात ना." पाच हजार तिथे गेले.

कडूकारलं:

म्हणजे शंका काढायची, पण डिस्काउंट नाही द्यायचं. हे मात्र पटलं.

मायक्रोमीटर:

साडीवालं पटलं. आमच्याकडे प्रश्न विचारणारा उमेदवार वर्षात एखादाच येतो. बाकीच्यांना "काही विचारायचंय?" म्हटलं की "नो सर". पण माझा मूळ आक्षेप जागेवर आहे. बोलणं शिकवायला एक रविवार पुरला. बोअर गेज धरायला किती रविवार लागतात ते भाच्यालाच विचारा.

बॅगवाला:

गुरुवार झाला. सांगतो.

बुधवारी संध्याकाळी भाचेसाहेब टपरीवर गेले. दोन चहा आणि एक वडापाव एवढ्या खर्चात कळलं, की तिथे ॲल्युमिनियमची हाउसिंग चालतात आणि रात्रपाळीत बोअर मोठा येतो म्हणून बोंब आहे. दुसऱ्या दिवशी "स्वतःबद्दल सांग" ला यावेळी बहीण आणि क्रिकेट आलं नाही. ४० ची २५ मिनिटं आली. त्यावर तिथल्या सुपरवायझरने विचारलं, "मोजली कुणी?" आमचा म्हणाला, "मोबाईलवर मीच लावायचो सर, नंतर लाइन इन्चार्जनी वहीत लिहायला सुरुवात केली." मग यानेच विचारलं, "रात्री बोअर मोठा येतो तो मशिन गरम झाल्यावर का कापायचं इन्सर्ट बदलल्यावर?" सुपरवायझर उठला आणि याला घेऊन थेट शॉप फ्लोअरवर गेला.

निघताना याने आणखी एक विचारलं, ते मी शिकवलेलं नव्हतं. "ही जागा रिकामी का झाली?" वर्षात तीन ऑपरेटर सोडून गेलेत, चौथ्यासाठी शोध चालू आहे. १२ तासांची पाळी, आणि ओव्हरटाइम 'ॲडजस्ट' होतो म्हणे. शनिवारी ऑफरचा फोन आला. भाच्याने आभार मानून नकार कळवला.

ताई आता माझ्यावर दुप्पट उखडलीय. हातातली नोकरी घालवायला शिकवलंस म्हणते. मी तिला म्हटलं, अगं, मीही सगळ्याच डॉक्टरांकडे जात नव्हतो.

श्रावणसरी:

"मोजली कुणी?" ला दिलेलं उत्तर माझ्याकडे दिलं असतं तर तिथल्या तिथे पुढच्या फेरीला पाठवलं असतं.

मायक्रोमीटर:

आमच्याकडे दुसऱ्या पाळीला एक जागा आहे. ८ तास, ओव्हरटाइम कागदावर. व्यनि (खाजगी निरोप) करतो, भाच्याला पाठवा. बोलण्याचे मार्क मिळणार नाहीत. गेज इथलंच वापरायचं, आणि मास्टर रिंग मी मुद्दाम लपवून ठेवणार आहे. त्याने मागितली तर पुढे बोलू.