विषय: वास्कोच्या आमच्या मंडळीचा वर्धापनदिन, जुने फोटो-वह्या कुणाकडे आहेत का?

वास्कोहून, रविवार रात्री

नमस्कार मंडळी,

मी बहारीनचं मनामा सोडून कायमचा गोव्यात वास्कोला आलो तेव्हा या ईमेल-लिस्टवरून माझं नाव काढू नका म्हणून सेक्रेटरींना सांगून ठेवलं होतं, ते आज उपयोगी पडतंय. आपल्यातली चार-पाच घरं तरी अशी आहेत ज्यांचं लहानपण वास्कोच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये नाहीतर सड्यावर पोर्टच्या वसाहतीत गेलंय. त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितोय.

आमच्या मेथडिस्ट मंडळीचा वर्धापनदिन मोठा करायचं चाललंय. मंडळी म्हणजे आमच्यात चर्च, म्हणजे चर्चची माणसं, इमारत नव्हे. मराठी बायबलमध्ये शब्दच तो आहे. आता झालंय असं की कमिटीत ठरलं, इमारतीची कोनशिला बसली त्या दिवसापासून वर्षं मोजायची, पत्रिकेवर तोच आकडा टाकायचा. मला ते काही केल्या पटत नाही, दोन रात्री झोप नाही त्या विचारानं. इमारत नव्हती तेव्हा कितीतरी वर्षं आमच्या क्वार्टरमध्ये प्रार्थना व्हायची. दोन खोल्या, शनिवारी संध्याकाळी खाट भिंतीला उभी करून ठेवायची, सतरंजी घालायची, बाबा ड्यूटीवरून आले की अंगावरचा युनिफॉर्म बदलायच्या आत माणसं यायला लागायची. बहुतेक सगळे बेळगावकडचे, त्यामुळे एक गीत मराठी तर पुढचं कानडी. पाळकसाहेब महिन्यातून एकदा लोंढ्यावरून मीटरगेजच्या गाडीनं यायचे आणि पावसाळ्यात घाटात दरड पडली की गाडी दूधसागरच्या अलीकडे पलीकडे कुठंतरी अडकायची, मग वाट बघून बघून बाबाच वचन वाचायचे आणि आई प्रार्थना करायची. ती माणसं आता राहिली नाहीत. ती सगळी वर्षं हिशेबातून गेली तर मला वाटतं आपण त्यांनाच वगळलं.

तर ज्यांच्याकडे त्या वेळचा एखादा फोटो, पत्र, काहीही असेल त्यांनी कळवा. कमिटीची पुढची सभा पुढच्या रविवारी उपासनेनंतर आहे.

आपला,
वास्कोवाला काका

———

मस्कतहून, सोमवार

काका नमस्कार,

ओळखलंत का, मी तुमच्या शेजारच्या क्वार्टरमधली, जिची रिबिन तुमच्या पेरूच्या झाडाला नेहमी अडकायची ती. मेल वाचला आणि ऑफिसात बसल्या बसल्या डोळ्यात पाणी आलं.

मला आठवतं ते खुर्च्यांचं. शनिवार आला की आई आमच्या दोन लोखंडी खुर्च्या पुसून ठेवायची, "त्यांच्याकडे प्रार्थना आहे, म्हाताऱ्या माणसांना खाली बसवत नाही" म्हणून. खुर्च्या आम्ही भावंडं पोचवायचो आणि परत आणायच्या निमित्तानं शेवटपर्यंत दारात बसायचो, त्यामुळे तुमची अर्धी गीतं मला अजून पाठ आहेत. नाताळात तुमच्याकडे बांबूच्या कामट्यांचा पतंगाच्या कागदाचा तारा व्हायचा, तो बाबांनी आमच्या आकाशकंदिलाच्याच कामट्यांतून करून दिल्याचं मला चांगलं आठवतंय. दिवाळीला आमच्या करंज्या तुमच्याकडे आणि डिसेंबरात तुमच्या करंज्या आमच्याकडे, आणि पलीकडच्या कॅथलिक आजींकडून नेवऱ्या आणि दोदोल. ती आजी मला विचारायची, वाड्यात सायबीण (मेरीमातेची मूर्ती) घरोघर फिरते ती त्यांच्या घरी का जात नाही गो? मला तेव्हा काही सांगता यायचं नाही.

आणि कापणीचा सण! भाजीचा लिलाव व्हायचा तो. आमच्या बाबांनी एकदा एक दुधी असा चढत चढत घेतला की आई घरी येऊन बोललीच नाही, मग बाबांनी सांगितलं की ते पैसे छपराच्या फंडात जाणार होते. म्हणजे इमारतीची गोष्ट तेव्हा सुरू झाली होती हे नक्की.

एक विचारते, राग मानू नका, मेथडिस्ट म्हणजे नक्की काय? इतकी वर्षं शेजारी राहून कधी विचारलं नाही. आईच्या ट्रंकेत काही सापडतं का बघायला भावाला पुण्याला फोन करते.

———

मेलबर्नहून, सोमवार रात्री

काका, ताई,

मी सड्यावरचा, मंडळीतलाच. काकांच्या भावनेचा पूर्ण आदर ठेवून वेगळं मत मांडतो.

कोनशिलेवर तारीख कोरलेली आहे, ती कुणी नाकारू शकत नाही. घरातल्या प्रार्थनेचं तसं नाही. आमची आजी शेवटपर्यंत सांगायची की पहिली प्रार्थना सड्यावर आमच्या घरी झाली, बायनाला एक कुटुंब आहे ते म्हणतं त्यांच्याकडे. काका म्हणतात क्वार्टरमध्ये. आता यातलं कोणतं धरायचं? एकाचं धरलं की दुसरा दुखावणार, आणि आपली मंडळी लहान आहे, गोव्यात आपण किती जण आहोत ते तुम्हालाच माहीत. बिशपसाहेब येणार, स्मरणिका छापली जाणार, त्यात वादाचा आकडा नको. कमिटीनं सोपं आणि पुराव्याचं ते धरलं, मला तरी त्यात चूक दिसत नाही.

———

वास्कोहून, मंगळवार

दादा, तू अगदी खरं बोललास आणि तुझी आजी मला माझ्या आजीसारखीच होती, म्हणून नीट उत्तर देतो. ताईच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच येईल.

जॉन वेस्ली हे इंग्लंडच्या सरकारी चर्चचे धर्मगुरू, ऑक्सफर्डला असताना ते, त्यांचे भाऊ चार्ल्स आणि काही मित्र वेळ ठरवून प्रार्थना, अभ्यास, तुरुंगातल्या कैद्यांना भेटणं असं सगळं शिस्तीत करायचे, म्हणून बाकीची पोरं त्यांना चिडवायला मेथडिस्ट म्हणायची, पद्धतवाले. तेच नाव चिकटलं. २४ मे १७३८ ला लंडनमध्ये आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या सभेत त्यांना विश्वासाचा अनुभव आला आणि पुढची पन्नासेक वर्षं ते घोड्यावरून गावोगाव फिरत राहिले, खाणकामगारांना उघड्यावर उपदेश केला. वेगळं चर्च काढायचं त्यांच्या मनात नव्हतं, मरेपर्यंत ते जुन्याच चर्चचे धर्मगुरू राहिले. सायबीण आमच्याकडे येत नाही ती आम्ही प्रॉटेस्टंट म्हणून, पण ती आजी तिची फुलं आमच्या दारात ठेवायची आणि आई ती पाण्यात घालायची.

आता मुद्दा. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये त्यांच्या सभागृहावर कर्ज झालं होतं. ते फेडायचं कसं यावर बैठक बसली, तेव्हा कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणी म्हणालं, गरिबांना तेवढीही जमणार नाही. तर ते म्हणाले, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमलं तर ठीक, नाहीतर मी भरीन. मग पेनी गोळा करायला घरोघर जाताना कळायला लागलं की कोण आजारी आहे, कोणाचं भांडण झालंय, कोण दारूत गेलाय. त्यातून क्लास निघाला, बारा-बारा जणांचा गट आणि त्यांची खबर घेणारा एक पुढारी. निमित्त इमारतीच्या कर्जाचं होतं बघ, पण जिथं जिथं मेथडिस्ट गेले तिथं क्लास गेला, ती इमारत ब्रिस्टललाच राहिली.

आपल्या मुंबईतही असंच. विल्यम टेलर १८७१ च्या नोव्हेंबरात मुंबईत आले, घराघरात लहान गट बसवले आणि दुसऱ्या वर्षी त्यातून मेथडिस्ट चर्च उभं राहिलं. जॉर्ज बोवेन, ज्यांच्या नावाचं चर्च कुलाब्याला आहे, ते १८४८ पासून मुंबईत होते, मिशनचा पगार सोडून गरीब वस्तीत राहायचे, ते पुढे या मेथडिस्टांबरोबर आले. आपण बेळगावकडचे. तिथलं लंडन मिशनचं काम १९०४ साली अमेरिकन मेथडिस्टांकडे आलं, म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांचा बाप्तिस्मा मेथडिस्ट आणि म्हणून गोवा मुक्तीनंतर नोकरीसाठी वास्कोला आलेली ती माणसं शनिवारी एकमेकांना शोधत आली. दादा, ती पहिल्यांदा तुझ्या आजीकडे भेटली की बायनाला की आमच्याकडे, यावर मी भांडणार नाही. आठवड्याआठवड्याला घर बदलायचं, ते मीही विसरलो होतो, तुझ्या मेलनं आठवलं. सड्यावर आम्ही चालत यायचो आणि येताना तुझी आजी खिशात शेंगदाणे घालायची.

मी एवढंच म्हणतो की घर धरू नका, डबा धरा. आठवतो का तुला तो पत्र्याचा डबा, बोर्नव्हिटाचा, वर चीर पाडलेला? क्लास जिथं असेल तिथं तो फिरायचा, आणि रविवारी बाबा तो घेऊन मांगोर हिलपासून सड्यापर्यंत चालत जायचे, जो शनिवारी आला नसेल त्याच्याकडे. पैसे मागायला नाही, कुणाला ताप आलाय का बघायला. ज्या दिवशी तो डबा पहिल्यांदा फिरला तो आपला पहिला दिवस. त्याला घराचं नाव लागत नाही.

आणखी एक मनातलं. इमारतीआधी आपण काही वर्षं एका शाळेच्या वर्गात भरत होतो, मग ऐन नाताळाच्या आठवड्यात त्यांनी वर्ग देणं बंद केलं. त्या वर्षीची ३१ डिसेंबरची रात्र माझ्या मनातून जात नाही. गल्लीगल्लीत पोरं सरत्या वर्षाचं, ओल्ड मॅनचं बुजगावणं जाळत होती, गाणी लागलेली, आणि आम्ही तुझ्या आजीच्या अंगणात कंदील लावून वॉचनाइटला, म्हणजे वर्षाअखेरच्या रात्रीच्या प्रार्थनेला बसलो होतो, गेलेलं वर्ष आठवत. बारा वाजता सगळे गुडघ्यावर. मग पहिल्या रविवारी कराराची उपासना, मी आता माझा नाही तुझा आहे म्हणायची ती, तीही अंगणातच. आपण एवढे लोक, छप्पर नाही, आणि एकही जण गळला नाही. त्या वर्षी मंडळी नव्हती असं पत्रिकेवर कसं छापायचं?

वास्कोच्या सप्ताहाचंच बघा. साथ आली तेव्हा लोकांनी जांबावलीहून दामोदराचं श्रीफळ आणून अखंड भजन धरलं आणि ते दरवर्षी असं सव्वाशे वर्षांहून जास्त चाललंय. वास्कोत कुणी त्याची वर्षं मंडपापासून मोजत नाही.

———

मेलबर्नहून, बुधवार

काका, डबा आठवला. त्यावरचं झाकण तारेनं बांधलेलं होतं. अंगणातली रात्र मला आठवत नाही, मी आईच्या मांडीवर झोपलेलो असणार, पण आजी तो कंदील पुढे कधी कुणाला देत नसे ते का, हे आज कळलं.

तरी पुराव्याचं राहतंच. डबा कधी फिरला हे कुठं लिहिलंय का? असेल तर मी स्वतः कमिटीला लिहीन, नसेल तर निदान स्मरणिकेत घरोघरच्या प्रार्थनेवर पहिली दोन पानं असावीत एवढं तरी मागूया.

———

मस्कतहून, गुरुवार पहाटे

काका, दादा,

भावानं आईची ट्रंक उघडली. फोटो नाही मिळाला. पण आईची हिशेबाची वही मिळाली, ती रोजचा खर्च लिहायची, पाव, मासळी, रॉकेल, सगळं. त्यातलं एक पान भावानं पाठवलं ते सोबत जोडते. शनिवारच्या खाली आईच्या अक्षरात आहे:

पोदेर (पाववाला) ३० पैसे. बांगडे १ रु. शेजारी प्रार्थना, डब्यात ४ आणे. खुर्च्या २ दिल्या, परत आल्या.

त्याच्या आधीचे सगळे शनिवार भावानं पाहिले, खुर्च्या आहेत, डबा नाही. या शनिवारनंतर जवळजवळ प्रत्येक शनिवारी डबा आहे, कधी चार आणे, कधी दोन. तारीख पानावर वर आहे, वर्ष पुठ्ठ्यावर, दोन्हीचे फोटो आहेत. आई तुमच्या मंडळीतली नव्हती, पण टाकायची, हे मलासुद्धा आज कळलं.

भावाचे मित्र शुक्रवारी गाडीनं गोव्याला निघतायत, त्यांच्याबरोबर वही पाठवतो. जपून ठेवा, परत हवीय.

———

वास्कोहून, गुरुवार

पोरी, काय लिहू. पान तीनदा वाचलं, मग हिला वाचून दाखवताना आवाज बसला.

वही मी स्वतः मडगावला जाऊन घेईन, त्यांचा नंबर मला वेगळा पाठव, लिस्टवर नको. रविवारी कमिटीपुढे ठेवतो आणि सोमवारी तुझ्या हातात पोचवायची काय ती व्यवस्था करतो, कुरियरनं नाही पाठवणार.

दादा, तू कमिटीला लिही म्हणालास ते आजच लिही, तुझ्या आजीच्या अंगणाचंही लिही. बायनाच्या कुटुंबाकडे मी उद्या संध्याकाळी जातोय, त्यांच्याकडेही असं काही निघालं आणि ते आधीचं असलं तर आपण तेच धरू, मला काही वाटणार नाही.

आणि ताई, वर्धापनदिनाला तू यायचंस, मुलांना घेऊन. इथले शेजारी दरवेळी विचारतात की एवढा सण आणि वाइन कशी नाही, तर आमच्यात दारू वर्ज्य, प्रभुभोजनालासुद्धा न आंबवलेला द्राक्षरस असतो. तो अमेरिकेत १८६९ साली थॉमस वेल्च या मेथडिस्ट डेंटिस्टनं उकळून टिकवायची रीत काढली, आमच्याकडे अजून बायका काळी द्राक्षं आणून आदल्या रात्री चुलीवर करतात. जेवणाला आमसुलाचं सरबत, पुलाव, आणि करंज्या. करंज्यांचं सारण तुझ्या आईच्या पद्धतीचं करायचं असं हिचं म्हणणं आहे, खसखस भाजून घालायची की कच्ची ते तेवढं कळव.

दोन लोखंडी खुर्च्या मी पहिल्या रांगेत लावतोय.

काका