धर्म-अध्ययनात पीएच.डी. : अर्ज कुठे करावेत?

जिज्ञासू
संस्कृतमध्ये एम.ए. झाले असून प्राकृतची प्राथमिक ओळख आहे. जैन श्रावकाचार ग्रंथांमध्ये (गृहस्थ अनुयायांच्या आचारावरील ग्रंथांमध्ये) गृहस्थाच्या व्रतांची कल्पना कशी बदलत गेली, या विषयावर परदेशात पीएच.डी. करण्याचा विचार आहे. शिकागो, हार्वर्ड, प्रिन्स्टन, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सांता बार्बरा, ऑक्सफर्ड, लंडनचे सोआस अशी बरीच लांब यादी तयार झाली आहे. ती कोणत्या निकषांवर कमी करावी? शिवाय, ‘डिव्हिनिटी स्कूल’मध्ये (विद्यापीठातील धर्मशास्त्राच्या विद्यालयात) ख्रिस्ती नसलेल्या विद्यार्थ्याने अर्ज करण्यात अर्थ आहे का?

पाठभेद
जागतिक क्रमवारी आधी बाजूला ठेवावी, कारण ती तुमच्या विषयाबद्दल काहीही सांगत नाही. प्रत्येक नावासमोर दोनच गोष्टी लिहा : तुमचे ग्रंथ मूळ भाषेत वाचणारे तिथे कोण आहे, आणि ती व्यक्ती निवृत्त झाली किंवा दुसरीकडे गेली तर प्रबंध कोणाच्या हाती जाईल. दुसरा रकाना रिकामा राहिला तर ते नाव कितीही मोठे असो, जोखमीचे समजावे. विभागाच्या संकेतस्थळावरील प्राध्यापकांच्या यादीवर विसंबू नका. तीत निवृत्त आणि मानद मंडळीही असतात व त्यांतील बरेच जण नवे विद्यार्थी घेत नाहीत. त्यापेक्षा त्या विभागातून अलीकडे मंजूर झालेले दोन-तीन प्रबंध मिळवून त्यांतील ऋणनिर्देश वाचावा. हस्तलिखिते कोणाबरोबर बसून वाचली, समितीत बाहेरच्या विभागातील कोण होते, प्रवासाचा खर्च कोणी उचलला, हे सारे तिथे सहज हाती लागते. माहितीपत्रकात ते कधीच नसते.

तुमच्या विषयासाठी केवळ धर्म-अध्ययनाचेच विभाग पाहणे मला अपुरे वाटते. सोआसमध्ये जैन अध्ययनाचे स्वतंत्र केंद्र आहे आणि बेल्जियममधील घेंट विद्यापीठातही या विषयावर चांगले काम चालते. शिकागोत तर याच ग्रंथांवर डिव्हिनिटी स्कूलमध्ये किंवा दक्षिण आशियाई भाषा व संस्कृतींच्या विभागात, असे दोन्हीकडे काम करता येते. मात्र दार कोणते निवडले, यावर पुढच्या परीक्षा, सोबतचे विद्यार्थी आणि बहुतांशी नोकरीची बाजारपेठही ठरते.

तटस्थ
डिव्हिनिटी स्कूलबद्दलची शंका रास्त आहे. मात्र शिकागो आणि हार्वर्ड येथील स्कूल कोणत्याही संप्रदायाला बांधील नाहीत व तिथे सर्व धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारेही विद्यार्थी असतात. हार्वर्डची धर्म-अध्ययनातील पीएच.डी. तर कला व विज्ञान शाखेमार्फतच दिली जाते. सांता बार्बरासारख्या सरकारी विद्यापीठांची गोष्ट आणखी वेगळी आहे. १९६३ साली ॲबिंग्टन विरुद्ध शेम्प या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांनी करवून घेतलेले बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले, पण धर्माचा वस्तुनिष्ठ अभ्यास घटनेला धरूनच आहे असेही नमूद केले. त्यानंतर तेथील सरकारी विद्यापीठांत असे विभाग झपाट्याने वाढले. काही धर्मशास्त्रीय सेमिनरी (धर्मोपदेशक घडवणाऱ्या संस्था) मात्र अर्जासोबत श्रद्धेचे निवेदन मागतात. तुमच्या विषयासाठी त्यांचा विचारही करू नये.

ब्रिटन आणि अमेरिका यांतला फरक यापेक्षा महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षांत प्रबंध पूर्ण करायचा असतो, त्यामुळे अर्जासोबतचा संशोधन आराखडा पक्का लागतो. अमेरिकेत आधी साधारण दोन वर्षे कोर्सवर्क, मग सर्वंकष परीक्षा, बहुतेक ठिकाणी जर्मन किंवा फ्रेंचसारख्या भाषांतील वाचनाची परीक्षा आणि त्यानंतर प्रबंध, असा सहा-सात वर्षांचा प्रवास होतो. प्राकृत अजून प्राथमिक पातळीवर असेल तर ही पहिली दोन वर्षे वाया जाणार नाहीत, उलट तीच तुम्हाला तारतील.

जिज्ञासू
दोघांचेही आभार. अर्ज करण्याआधी संभाव्य मार्गदर्शकांना पत्र लिहावे का? आणि विद्यावेतनाचा विचार कितपत करावा?

पाठभेद
पत्र अवश्य लिहावे, पण छोटे : तुमचा प्रश्न काय, कोणते ग्रंथ वाचले आहेत आणि पुढील वर्षी ते नवे विद्यार्थी घेणार आहेत का, एवढेच. प्रबंधाची रूपरेषा सोबत जोडली की ती बहुधा न वाचताच पडून राहते. उत्तर आले नाही तर त्याचा फार अर्थ लावू नका, मात्र ‘यंदा विद्यार्थी घेत नाही’ असे उत्तर आले तर अर्जाचे शुल्क वाचले म्हणायचे. अलीकडे काही अमेरिकी विद्यापीठांनी मानव्यशाखांतील पीएच.डी.चे प्रवेश कमी केले किंवा थांबवलेही आहेत, त्यामुळे ही चौकशी आता औपचारिक राहिलेली नाही.

तटस्थ
शुल्कमाफी आणि विद्यावेतन यांशिवाय प्रवेश मिळत असेल तर तो स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या क्षेत्रात कायम नोकऱ्या इतक्या थोड्या आहेत की कर्ज काढून पदवी घेणे परवडत नाही. विद्यावेतन किती वर्षांसाठी आहे, उन्हाळ्यातही मिळते का आणि त्यापोटी किती शिकवावे लागते, हे लेखी विचारून घ्यावे. अमेरिकेतील बऱ्याच विद्यापीठांनी १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा मान्य केलेली आहे, तेव्हा अर्थसाहाय्यासह आलेल्या पहिल्याच पत्राला घाईने होकार कळवू नका.