परळ मदतनिधीची यादी: नावं कशाला हवीत?

प्रेषक: नाना (खजिनदार)
विषय: परळ मदतनिधी, यादी हवी

सप्रेम नमस्कार मंडळी,

गणपतीत आपल्या इथे ब्रिटनमध्ये जमलेला निधी परळच्या, कॅन्सरच्या पेशंटांना मदत करणाऱ्या ताईंच्या संस्थेला मिळाल्याची पावती आली. आता वार्षिक सभा तोंडावर आहे आणि "पैसे नक्की कुणाला गेले?" हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणार. तेव्हा ताई, एका एक्सेलमध्ये एवढं पाठवाल का: पेशंटचं पूर्ण नाव, वय, गाव, आजार, मोबाईल, आधारची झेरॉक्स, दिलेली रक्कम. जमल्यास चेक घेतानाचा एकेक फोटो. सभेत पडद्यावर दाखवू, पुढच्या आवाहनातही कामी येतील.

तुमच्या आधी ज्या बाई होत्या त्यांनी २०१९ला अशी यादी पाठवली होती. फॉरमॅट कळावा म्हणून सोबत जोडतो.

आपला,
नाना

---

प्रेषक: ताई, परळ
विषय: उत्तर: परळ मदतनिधी, यादी हवी

नाना, घाईत लिहितेय. जोडलेला फॉरमॅट कोरा नाही. २०१९ची सगळी नावं, फोन, आजार, आधार क्रमांक त्यात तसेच आहेत, आणि ती फाईल आता मेलिंग लिस्टवरच्या प्रत्येकाकडे पोचली आहे.

मंडळी, हात जोडून सांगते, फाईल उघडू नका, पुढे पाठवू नका, मेल काढून टाका. लिस्ट सांभाळणाऱ्यांनी जुन्या मेलच्या साठ्यातूनही ती काढावी. बाकी रात्री लिहिते, बाहेर जिन्यावर माणसं बसली आहेत.

---

प्रेषक: बाळ्या
विषय: उत्तर: उत्तर: परळ मदतनिधी, यादी हवी

नानांना बोल लावत नाही, हे माझ्याही हातून झालं असतं. पण मी इथल्या एका इस्पितळाच्या माहिती विभागात नोकरी करतो, म्हणून न सांगून चालणार नाही.

ब्रिटनच्या कायद्यात माणसाच्या प्रकृतीची माहिती खास जपायच्या वर्गात मोडते. यादी पाठवली परळने, पण सहा वर्षं ती बाळगली आपण. त्यामुळे "ती त्यांची यादी" म्हणून हात झटकता येणार नाहीत. अशी माहिती फुटली आणि त्यातून त्या लोकांना त्रास व्हायची शक्यता असेल, तर कळल्यापासून ७२ तासांत इथल्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. ताईंची मेल सकाळी साडेदहाला आली, घड्याळ तेव्हापासून चालू आहे. मी मसुदा करतो. अध्यक्ष आणि सचिवांनी संध्याकाळी फोनवर यावं.

त्या पेशंटांना काय आणि कसं सांगायचं ते परळने ठरवावं. नंबर दुर्दैवाने आपल्याकडेही आहेत, पण आपल्यापैकी कुणी परस्पर फोन करू नये.

---

प्रेषक: माई
विषय: उत्तर: उत्तर: परळ मदतनिधी, यादी हवी

बाळ्या, तुझं बरोबर असेल, पण एवढं काय आभाळ कोसळलं ते मला कळलेलं नाही. आपण काही त्या माणसांचं वाईट करायला बसलेलो नाही.

आणि मला नावं हवीच आहेत, स्पष्ट सांगते. एकदा पूरग्रस्तांच्या नावाने एका सद्गृहस्थांनी आमच्याकडून पैसे गोळा केले. पूर ओसरला तसे तेही ओसरले. तेव्हापासून चेहरा दिसल्याशिवाय मी पाकीट उघडत नाही.

दुसरं. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. कुणाला काय दुखणं आहे हे अख्ख्या मजल्याला ठाऊक असायचं, आणि म्हणूनच रात्री बारा वाजता चार माणसं धावून यायची. हे लपवालपवीचं खूळ कुठून आलं?

माई

---

प्रेषक: ताई, परळ
विषय: नावं कशाला हवीत?

माई, तुमचा चाळीचा मुद्दा दिवसभर डोक्यात होता, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

चाळीत शेजारणीचं दुखणं तुम्हाला ठाऊक होतं, तसं तुमच्या घरातलंही तिला ठाऊक होतं. कुणी कुणाकडे अर्ज करून उभं नव्हतं. आपल्या लिस्टवर किती जणांना मधुमेह आहे, कुणाचा मुलगा घरी बसून आहे, हे आमच्या जिन्यावर बसलेल्या एका तरी बाईला माहीत आहे का? नसावंच, बरोबर आहे ते. मग तिच्या गर्भाशयाच्या गाठीची नोंद तुमच्या-माझ्या इनबॉक्समध्ये का?

आमचं काम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेलं नाही. टाटा हॉस्पिटलला देशभरातून माणसं येतात. उपचार सुरू होतात, पण राहायचं कुठे हा प्रश्न उरतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर फुटपाथ. आम्ही खोलीभाडं, औषधं आणि गावी परतायच्या तिकिटाचं बघतो. समोर येणारा माणूस प्लास्टिकच्या पिशवीतून एक गठ्ठा काढतो. रेशन कार्ड, आधार, केसपेपर, तहसीलदाराचा दाखला, सगळं एकाला एक चिकटलेलं. विचारायच्या आत सगळं टेबलावर पसरतो. कुठला कागद दाखवायला "नको" म्हणता येतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

त्याआधी तो झेरॉक्सच्या दुकानातून आलेला असतो. तिथे काय चालतं ते मी उभी राहून पाहिलंय. दुकानदार म्हणतो, "व्हॉट्सअ‍ॅप करा." लोक आपलं आधार, बायकोचा बायोप्सीचा रिपोर्ट त्या नंबरवर पाठवतात, दोन रुपयाला एक पान छापून निघतं, आणि रिपोर्ट दुकानदाराच्या मोबाईलवर राहतो. त्याच्या मनात पाप नसेलही. पण त्या फोनमध्ये काय काय साठलंय याचा त्यालाही पत्ता नसणार. आम्ही आता आमच्याच दारात एक प्रिंटर ठेवलाय. आधार लागलंच तर मास्क्ड आधार घेतो. पहिले आठ आकडे झाकलेले, शेवटचे चार दिसतात. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या, साइटवरून पेशंटच्या नातेवाइकाला आम्हीच उतरवून देतो.

आम्ही फार शहाणे आहोत असं समजू नका. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत जुने अर्ज रद्दीत गेले. पंधरा दिवसांनी आमच्याच एका मुलीने परळ स्टेशनबाहेर खारे शेंगदाणे घेतले. पुडी उलगडली तर आतल्या बाजूला आमच्या अर्जाचा खालचा अर्धा भाग. "आजार कधीपासून", "घरात कमावते किती", आणि खाली अंगठा. ती पुडी तिने शेंगदाण्यांसकट माझ्या टेबलावर आणून ठेवली, एक शब्द बोलली नाही. त्या रद्दीवाल्याकडून उरलेले कागद आम्ही दुप्पट भावाने परत घेतले. तेव्हापासून आमच्याकडचा कागद रद्दीत जात नाही. फाडून बादलीत भिजवून लगदा होतो, तेव्हाच बाहेर पडतो.

आता फोटो. पुढची दोन उदाहरणं त्या यादीतली नाहीत आणि ओळख पटेल असं सगळं मी बदललंय. केस गेलेला, हसरा, हातात भला मोठा पुठ्ठ्याचा चेक धरलेला एक नऊ वर्षांचा मुलगा आमच्या जुन्या पत्रकावर होता. आईने होकार दिला होता, लेखी. मुलगा बरा झाला, शिकला आणि गेल्या वर्षी स्वतः आला. नोकरीसाठी मुलाखती देत होता. म्हणाला, "मॅडम, माझं नाव टाकलं की तुमचा तोच फोटो पहिला येतो." रागावला नव्हता, चहा घेऊन गेला. आमच्या साइटवरून तो फोटो काढायला दहा मिनिटं लागली. दुसऱ्यांनी उचललेला मात्र अजून दोन ठिकाणी आहे, आमच्या पत्रांना उत्तरही नाही.

दुसऱ्या बाई वर्षभर गावी "गुडघ्याचं ऑपरेशन" सांगून केमोला येत होत्या. घरात लग्नाची मुलगी होती. "आईला आहे म्हणजे पोरीलाही होणार" असं पाहुण्यांनी म्हणायला नको, एवढीच भीती. त्या दर वेळी पट्टा बांधून, लंगडत गावात उतरायच्या. हे खोटं मला खोटं वाटत नाही. झाकली मूठ त्यांची होती, किती दिवस झाकायची ते त्यांनी ठरवायचं.

"पण संमती घ्या ना!" असं कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. पैशाच्या टेबलापलीकडे उभा असलेला माणूस सही कशावरही करतो. म्हणून आम्ही आधी मदत मंजूर करतो, औषधाचं बिल भागवतो आणि नंतर, दुसऱ्या दिवशी, दुसरी कार्यकर्ती विचारते की तुमची गोष्ट कुणाला सांगितली तर चालेल का. तसं विचारायला लागल्यापासून बहुतेक जण "नको" म्हणतात. पूर्वी सगळे "हो" म्हणायचे.

कायद्याचं थोडक्यात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. ब्रिटनसारखा प्रकृतीच्या माहितीचा वेगळा वर्ग आपल्या कायद्यात नाही. पण संमती मोकळेपणाने दिलेली हवी आणि दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. आपली माहिती कशाला घेताहेत ते मराठीतूनही वाचायला मिळालं पाहिजे. माहिती नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. आमच्यासारख्यांचं वर्षाचं बजेट त्यापुढे चिल्लरसुद्धा नाही, पण अर्जाचा नमुना आम्ही दंडाच्या भीतीने बदललेला नाही, त्या शेंगदाण्यांनी बदलला. गंमत म्हणजे हा कायदा निव्वळ कागदी वहीला लागत नाही. वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला की लागला.

आता माईंचा खरा प्रश्न, फसवणुकीचा. तो मी मुळीच उडवून लावत नाही. तुमचे पौंड थेट परळला येत नाहीत. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात उतरवावी लागते. दरवर्षी सरकारला परदेशी देणगीच्या हिशेबाचं एफसी-४ विवरणपत्र जातं, सोबत सीएचं प्रमाणपत्र. आम्ही पेशंटच्या हातात रोकड देत नाही, औषधवाल्याला आणि खोलीमालकाला खात्यावर पैसे जातात. प्रत्येक केसला एक क्रमांक आहे आणि क्रमांक-नावाची जोडी एकाच वहीत, कपाटात, दोघींकडेच किल्ली. सीए मनाला येतील त्या फायली उघडतात, इथे बसून बघतात, बाहेर काही नेत नाहीत. डिसेंबरात तुमच्यापैकी निम्मे लोक मुंबईत असतात. लग्नं, हुरडा, दंतवैद्य! त्यातला एक दिवस परळला या. क्रमांकावरून बिलं तपासा, खोल्या बघा, औषधवाल्याशी बोला. चहा आमचा.

नाना, सभेसाठी मी हे पाठवीन: केस क्रमांक, वयोगट, जिल्हा, मदतीचा प्रकार, रक्कम, बिलाची तारीख. गाव नाही आणि आजाराचं नावही नाही. यामागे साधा हिशेब आहे. "अमुक वाडी, नऊ वर्षं, डोळ्याचा कॅन्सर" एवढं लिहिलं की नाव वेगळं लिहायची गरज उरत नाही, वाडीत तसं पोर एकच असतं. आणि आपल्या लिस्टवर सातारा, सांगली, बीडकडची किती माणसं आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

जुन्या यादीतल्या माणसांना आम्ही उद्यापासून फोन लावतोय. त्यातली काही आता नाहीत. त्यांच्या घरी काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

ताई

---

प्रेषक: नाना (खजिनदार)
विषय: उत्तर: नावं कशाला हवीत?

ताई,

दोन दिवस मेल उघडायचा धीर झाला नाही. चूक माझी. बाळ्याने अर्ज भरून घेतला, ७२ तासांच्या आत गेला. लिस्टच्या साठ्यातून फाईल निघाली. माझ्या लॅपटॉपवरची, पेन ड्राइव्हवरची आणि रिसायकल बिनमधलीही काढली. मग आठवलं की २०१९ला कमिटीतल्या आठ जणांना ती पाठवली होती. सातांनी काढल्याचं कळवलंय. माईंना तेव्हा छापूनही दिली होती, त्यांना मोठ्या अक्षरात हवी होती.

तुम्ही दिलेले रकाने सभेला पुरतील. न पुरले तर मी उभा राहून उत्तर देईन. पुढल्या वेळी मी फाईल जोडण्याआधी बाळ्या ती उघडून बघेल, तसं ठरलंय. ५ ते १९ डिसेंबर मी पार्ल्यात आहे, परळला कुठल्या वारी येऊ?

नाना

---

प्रेषक: माई
विषय: उत्तर: उत्तर: नावं कशाला हवीत?

नाना, छापील कागद सापडला. स्वयंपाकघरातल्या खणात होता, मागच्या कोऱ्या बाजूला मी चकलीच्या भाजणीचं प्रमाण लिहून ठेवलं होतं. आमच्याकडे दिवाळीला येणाऱ्या निम्म्या बायकांनी त्यावरून ते उतरवून घेतलंय. कुणी पान उलटून पाहिलं असेल का, ते आठवायचा प्रयत्न करतेय.

प्रमाण वहीत उतरवलं. कागद फाडून भिजत घातलाय.

ताई, मीही डिसेंबरात येतेय. चेहरे दाखवू नकोस, बिलं दाखव.

माई