मदेरा बेटावरचा द्राक्षतोडणीचा उत्सव: वडिलांना घेऊन जातोय, गाडी भाड्याने घ्यावी का?

पिंपळगावकर:

राम राम मंडळी. सप्टेंबरच्या सुरुवातीला पोर्तुगालच्या मदेरा बेटावर जायचं ठरतंय. मी, बायको आणि वडील. वडिलांचं वय ६८, तब्येत ठणठणीत, पण गुडघे कुरकुरतात.

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. बागायतदारांना सांगायला नको, जानेवारी ते एप्रिल माल निघत असतो, मग खरड छाटणी, मग ऑक्टोबरची छाटणी. त्यामुळे वडील लांब असे कुठे गेलेच नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरात काडी पिकत असते, फवारणीचं भाऊ बघेल म्हणतोय. आणि तिकडे नेमका तेव्हाच द्राक्षांचा हंगाम असतो, त्याचा मोठा उत्सव असतो, असं वाचलं.

वडील माळकरी आहेत. दारूला शिवत नाहीत. त्यांना वाईन चाखायची नाही, बाग बघायची आहे. मांडव कसा बांधतात, माल कसा काढतात, वजन कुठे होतं, भाव कोण ठरवतं, हे त्यांचे प्रश्न. ते बघायला मिळेल, की उत्सव म्हणजे नुसते स्टॉल आणि नाचगाणी?

दुसरं म्हणजे गाडी. मी कसारा आणि सप्तशृंगीचा घाट नेहमी चालवतो, पण उजव्या बाजूने कधी चालवलेली नाही. तिथले रस्ते फार उभे आहेत म्हणतात. गाडी घ्यावी, की टॅक्सी-बसवर भागेल? लायसन्सचं काय करावं लागतं?

अनघा_लिस्बन:

पिंपळगावकर दादा, काकांना घेऊन जाताय हे वाचूनच बरं वाटलं. मी लिस्बनला राहते, मदेराला वरचेवर जाणं होतं, आणि हा हंगाम मला तिथला सगळ्यात आवडता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उत्सवाची दोन ठिकाणं वेगळी धरा. एक मदेराची राजधानी फुंशाल, तिथे अव्हेनिदा आरियागा या रस्त्याच्या आसपास. तिथे स्टॉल, वाद्यं, पारंपरिक पोशाखातले नाच. संध्याकाळी एक फेरी मारायला छान. दुसरं इश्त्रेइतु द कामारा द लोबुश. फुंशालपासून दहा-बारा किलोमीटरवर, समुद्रकाठच्या कामारा द लोबुशच्या वर डोंगरउतारावरचं गाव. काकांसाठी जायचं ते इथे. इथे प्रत्यक्ष बागेत तोडणी होते, मग मिरवणूक निघते आणि हौदात द्राक्षं पायांनी तुडवतात. मिरवणुकीत पाठीवर बकऱ्याच्या कातड्याच्या पखाली घेतलेले पुरुष दिसतील. रस्ते नव्हते तेव्हा डोंगरातून ताजा रस असाच पाठीवर वाहून फुंशालच्या वखारींत आणत. तारखा दर वर्षी बदलतात, तेव्हा तिकिटं काढायच्या आधी मदेरा पर्यटन खात्याचा त्या वर्षीचा कार्यक्रम बघा आणि इश्त्रेइतुचा दिवस पकडूनच बेत आखा. तो दिवस हुकला तर काकांच्या दृष्टीने अर्धी सहल गेली.

आता बागा. काकांना घरच्यासारखं वाटेल, कारण तिथेही मांडवच आहे. लाताडा म्हणतात. पण आपल्याकडे मांडवाखालून ताठ चालता येतं, तिथे बऱ्याच ठिकाणी तो इतका बुटका असतो की माणूस कंबरेत वाकून, काही वेळा उकिडवं बसून माल काढतो. गेल्या हंगामात मी एका आजोबांना बघत उभी होते. डाव्या तळहातावर घड अलगद तोलून धरायचा, देठ कापायचा, घड उलटा करायचा, कात्रीच्या टोकाने सडके मणी एकेक टिपून खाली टाकायचे, आणि मगच क्रेटमध्ये ठेवायचा. कितीही घड आले तरी हात तसाच सावकाश. पायाशी कोबी आणि बटाटे लावलेले, कारण सपाट जमीन इतकी थोडी की मांडवाखालची सावलीसुद्धा वाया घालवत नाहीत. डोंगर कापून, काळ्या दगडाचे बांध रचून केलेल्या चिंचोळ्या पायऱ्या आहेत सगळ्या. ट्रॅक्टर जाऊच शकत नाही. क्रेट खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत चढायचं, तिथे टेम्पो उभा असतो.

काकांच्या मालाच्या दराच्या प्रश्नाबद्दल: बहुतेक शेतकरी स्वतः वाईन करत नाहीत, मोजक्या कंपन्यांना माल देतात. माल पोचला की वजन होतं, साखर मोजतात, मण्यांची अवस्था बघतात, आणि त्यावर सरकारी संस्थेची देखरेख असते. वाईन, भरतकाम आणि हस्तकला या तिन्हींसाठी मिळून तिथे एकच संस्था आहे. इश्त्रेइतुकडे मुख्य जात तिंता नेग्रा, काळी. बेटावर सर्वात जास्त तीच पिकते.

एक गोष्ट काकांना जरूर सांगा. तिथली मदेरा वाईन मुद्दाम तापवतात. पूर्वी पिंपं जहाजातून भारताच्या वाटेने उष्ण कटिबंधातून जायची, आणि फिरून परत आलेल्या पिंपातली वाईन जास्त चांगली लागते असं लोकांच्या लक्षात आलं. मग बेटावरच उष्णता द्यायला लागले. आता काही वाईन टाकीत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने ठेवतात, आणि उत्तम प्रतीची पिंपं माळ्यावर, छपराच्या उन्हाच्या उबेत वर्षानुवर्षं. फुंशालच्या जुन्या वखारींमध्ये हे माळे दाखवतात. न पिताही बघण्यासारखे आहेत.

गाडीबद्दल माझं मत: उत्सवाच्या दोन्ही ठिकाणी गाडी नेऊ नका. फुंशालचं मधलं शहर पायी होतं आणि पार्किंगला जीव जातो. इश्त्रेइतुला मिरवणुकीच्या दिवशी गावातले रस्ते बंद असतात. टॅक्सी करा. पिवळी, निळ्या पट्ट्याची असते. मोबाइल ॲपवरून बोलवायची बोल्ट टॅक्सीही चालते. बाकी बेट बघायला मात्र गाडी घ्या.

आणि हे फार मनापासून सांगते. मदेरा वाईनमध्ये अल्कोहोल साध्या वाईनपेक्षा बरंच जास्त, १७ ते २२ टक्के. ग्लास छोटा आणि गोड असतो म्हणून कळत नाही. पोर्तुगालमध्ये गाडी चालवताना मर्यादा रक्ताच्या लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल आहे, लायसन्स तीन वर्षांहून नवं असेल तर ०.२. पण मर्यादेचा हिशोब करूच नका. ज्याच्या हातात किल्ली त्याने त्या दिवशी थेंबही घ्यायचा नाही. तिथल्या रस्त्याला एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असते. काकांसाठी आणि चालवणाऱ्यासाठी ब्रिझा मराकुजा मागवा, पॅशनफ्रूटचं सरबतासारखं पेय आहे, तिथलंच, सगळीकडे मिळतं.

घाटवाट:

अनघाताईंशी बाकी सहमत, पण गुडघेदुखीचा माणूस बरोबर असेल तर मी पहिल्या दिवसापासून गाडी घेईन. फुंशालमध्ये सपाट रस्ता समुद्रालगतचा, बाकी सगळा चढ. फक्त हॉटेल स्वतःच्या पार्किंगचं बघा, त्यावाचून बुक करू नका.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरहून जातो, म्हणजे मलाही डावीकडून उजवीकडे यावं लागतं. दोन तासांत हात बसतो. चौकातल्या सर्कलला मात्र नजर डावीकडे, कारण गाड्या तिकडून येतात आणि आतल्याला हक्क असतो. बायकोला शेजारी बसवून प्रत्येक वळणाला "उजवीकडे राहा" म्हणायला सांगा. मोठी मदत होते.

घाटाची सवय आहे ते उत्तमच, पण तिथली अडचण वेगळी. आपला घाट लांबलचक आणि सावकाश चढतो. तिथे गल्लीच सरळ आभाळाकडे जाते, आणि मध्येच समोरून गाडी आली म्हणून थांबावं लागतं. भरल्या गाडीने, पहिल्या गिअरमध्ये, चढावर. म्हणून सर्वात स्वस्त, छोट्या इंजिनची गाडी घेऊ नका. ऑटोमॅटिक मिळाली तर पैसे जास्त देऊन घ्या, आणि लवकर बुक करा, कारण कमी असतात. मोबाइलचा नकाशा दोन मिनिटं वाचवायला अशा गल्लीत घालतो. मी तो सुचवेल तो जवळचा रस्ता सोडतो आणि जलदमार्गाला लागतो. जलदमार्गाला टोल नाही. फक्त त्यावर चढायचे रॅम्प अगदी आखूड आहेत, जागा बघून निःसंकोच वेग घ्यायचा.

काकांना उत्तरेला नक्की न्या. एन्कुमियादाचा तीन किलोमीटरचा बोगदा ओलांडला की साव व्हिसेंत, आणि तिथून किनाऱ्याने सैशाल. अलीकडे ऊन, पलीकडे ढग असं बरेचदा असतं. सैशालला द्राक्षांच्या इवल्याशा तुकड्यांभोवती वाळक्या झुडपांच्या काटक्यांचं दाट कुंपण घातलेलं असतं, खारा वारा अडवायला. शेतकरी माणूस तिथे गाडीतून उतरल्याशिवाय राहणार नाही. किनाऱ्याचा जुना रस्ता दरडींमुळे काही ठिकाणी बंद आहे. पाटी दिसली की मागे फिरा, आत घुसू नका.

मदेराच्या विमानतळावर वारा फार. धावपट्टीचा काही भाग समुद्राकाठी खांबांवर उभा आहे. वारा वाढला की विमान शेजारच्या पोर्तु सांतु बेटावर किंवा थेट लिस्बनला परत जातं. तेव्हा पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी इश्त्रेइतुचा कार्यक्रम ठेवू नका, आणि परतीला लिस्बन-मुंबई विमानाआधी एक मुक्काम हाताशी ठेवा.

रावेत_पुणे:

लायसन्सचं तेवढं सांगतो. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. सारथी पोर्टलवर अर्ज, फॉर्म ४अ, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्टची प्रत लागते. तिकडे मूळ भारतीय लायसन्सही बरोबर ठेवायचं, नुसता परवाना चालत नाही. डिपॉझिटला चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. आमच्याकडे बायकोच्या नावाचं होतं, काउंटरवर अडवलं आणि जास्तीचा विमा गळ्यात मारला. निघायच्या आधी गाडीच्या चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, चाकांच्या रिमसकट.

पिंपळगावकर:

सगळ्यांचे आभार. वडिलांना बुटक्या मांडवाचं वाचून दाखवलं, तर लगेच म्हणाले, "मग फवारणी कशी करतात?" ऑटोमॅटिक बघतो. दोनच गोष्टी राहिल्या. त्यांना स्वतःला चार घड काढायला मिळतील का? आणि शाकाहारी जेवण?

अनघा_लिस्बन:

इश्त्रेइतुच्या तोडणीत पाहुण्यांनाही सहभागी होता येतं. त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं का, ते पर्यटन खात्याला ईमेल करून विचारा, इंग्रजीत उत्तर देतात. पायात पकड असलेले बूट हवेत, पायऱ्या अरुंद आणि निसरड्या असतात. काकांचे गुडघे बघता वाकून काम थोडाच वेळ करू द्या. क्रेट भरणाऱ्यांजवळ उभे राहिले तरी बोलणं होईल. तिथल्या म्हाताऱ्यांना बागेबद्दल विचारलेलं फार आवडतं. फवारणीचं त्यांनाच विचारा. पंप पाठीवर घेऊनच करतात, पण वाकून कशी ते काकांनी प्रत्यक्ष बघावं.

जेवणाचं जरा जपून. इश्त्रेइतु म्हणजे लॉरेल या सुगंधी पानांच्या झाडाच्या काठीला ओवून भाजलेल्या गोमांसाचं गाव, उत्सवात सगळीकडे तोच धूर असतो. काकांना आधी कल्पना देऊन ठेवा. गव्हाचं सूप शाकाहारी वाटतं, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. चालेल ते बोलु दु काकु, लसूण-लोणी लावलेला तव्यावरचा गरम पाव, आणि मक्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, मिल्यु फ्रितु. वड्या कशात तळल्यात ते विचारून घ्या, कधीकधी चरबी असते. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर सगळ्यात बरं. फुंशालच्या लाव्राडोरिश बाजारात भाजी आणि फळं भरपूर मिळतात, डाळ-तांदूळ सुपरमार्केटमध्ये. मसाला आणि कुकर तेवढा घरून न्या.