मदत हवी आहे: ‘मी काय मानतो’ यावर लोकांना लिहितं कसं करावं?

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात राहतो. यंदा आमच्या गल्लीच्या गणपतीत हस्तलिखित अंक काढायचा आहे. विषय एकच: आपण मनापासून काय मानतो आणि ते कोणत्या प्रसंगातून. कल्पना जुनीच. १९५१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मरो यांनी रेडिओवर अशीच छोटी निवेदनं साध्या-मोठ्या माणसांकडून वाचून घेतली होती. २००५ मध्ये तिथल्या सार्वजनिक रेडिओवर तो उपक्रम पुन्हा सुरू झाला, तेव्हा मर्यादा साधारण ३५० ते ५०० शब्दांची होती.

आतापर्यंत सात लेख आले. पाच म्हणजे निव्वळ सुविचार! “प्रामाणिकपणा हाच खरा धर्म” वगैरे. शाळेच्या फळ्यावरचे. एकानं तर पक्षाचं पत्रकच दिलं (ते गुपचूप बाजूला ठेवलंय).

आणि खरा ऐवज गप्पांत सांडतोय. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर शेजारच्या काकूंनी स्वतःच्या घरातला गाळ तसाच ठेवून आधी समोरच्या म्हाताऱ्या आजींची चूल लावून दिली. का, विचारलं तर म्हणाल्या, “तिला आधी चहा लागतोय की.” हेच लिहा म्हटलं, तर “मला काय लिहिता येतंय बाबा!”

तर विचारायचंय:

असं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून उतरवलं तर ते त्यांचंच राहतं का? सुविचारवाल्यांना न दुखवता प्रसंग कसा मागायचा? आणि देवाधर्मावरचे लेख घ्यावेत की नाही? मला घ्यावेसे वाटतात, मंडळातले दोघे नको म्हणतात.

कुणी असा अंक काढला असेल तर जरूर सांगा.