मदत हवी आहे: सायकल गटातील एक ज्येष्ठ सदस्य हेल्मेटला तयार नाहीत, सक्ती करावी का?

मांडवीकाठ
नमस्कार. हेल्मेटशिवाय कोणालाही सोबत न्यायचे नाही, असा नियम आमचा गट या रविवारपासून लागू करत आहे. एक ज्येष्ठ सदस्य सोडून सगळे तयार आहेत. त्यांचे म्हणणे असे, की चाळीस वर्षांत डोक्याला कधी लागले नाही आणि कायद्यात नसलेली सक्ती ते मानणार नाहीत. नियम झाला तर ते येणेच बंद करतील. मजकूर मला शनिवारी संध्याकाळपर्यंत गटात टाकायचा आहे. कायदा नेमका काय सांगतो आणि त्यांना काय सांगितले तर पटेल, एवढेच कृपया लवकर सांगावे.

फोंडेकर
एवढ्यावरून काय सांगणार? रस्ता कोणता, वेग किती, माणसे किती आणि ते सदस्य हेल्मेट मुळीच घालत नाहीत की घालून पाहून नको म्हणतात? फर्मागुढीचा उतार आणि मिरामारचा सपाट रस्ता यांना एकच उत्तर लागू होत नाही.

वाहतूकमित्र
कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे, त्यामुळे वादाला जागाच नाही.

चोडणची_फेरी
वाहतूकमित्र, क्षमा करा, पण ते कलम मोटारसायकलसारख्या वाहनांसाठी आहे. पायडलची सायकल १९८८ च्या त्या कायद्यात मोटार वाहन ठरत नाही. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी बॅटरीची सायकलही त्यातून वगळलेली आहे. म्हणजे कायद्यापुरते ते सदस्य बरोबर आहेत. अर्थात खाजगी गट आपल्यापुरता नियम करू शकतो. २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव हेल्मेटविना पडून डोक्याच्या दुखापतीने दगावले आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघाने हेल्मेट बंधनकारक केले, ते कोणत्या देशाच्या कायद्याची वाट पाहून नव्हे.

पेडलवाला
शर्यतीची तुलना इथे चुकीची आहे. नेदरलँड्समध्ये सक्ती नाही, रोज सायकल चालवणारे बहुतेक लोक हेल्मेट घालत नाहीत आणि तरीही ते सुरक्षित असतात, कारण तिथे सायकलींचा मार्ग वेगळा आहे. सक्ती केली, की लोक सायकलच सोडतात, ही भीती निराधार नाही. मेक्सिको सिटीने २०१० मध्ये सार्वजनिक सायकली सुरू करताना सक्ती काढून टाकली. शिवाय इंग्लंडमधील संशोधक इयन वॉकर यांनी २००७ मध्ये मोजून दाखवले, की हेल्मेट घातलेल्या स्वाराला ओलांडताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटीमीटर कमी अंतर ठेवतात. पहाटे पावाची टोपली घेऊन येणाऱ्या आमच्या पोदेराला तुम्ही हेल्मेटची अट घालणार आहात का? धोका मोटारींमुळे आहे, तो सायकलस्वाराच्या डोक्यावर का टाकता?

रुग्णसेविका
पेडलवाला, वॉकर यांच्याच आकड्यांची २०१३ मध्ये पुन्हा तपासणी झाली आणि हेल्मेटमुळे गाड्या धोकादायकरीत्या जवळून जातात, हा निष्कर्ष त्यात टिकला नाही. उलट २०१६ मध्ये ४० अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अपघातात जखमी झालेल्या सायकलस्वारांमध्ये हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीची शक्यता सुमारे निम्म्याने आणि गंभीर दुखापतीची सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळली. मात्र सक्ती केल्याने संपूर्ण समाजाचा लाभ किती होतो, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तिथे तुमचे म्हणणे मी उडवून लावणार नाही.

रायबंदरची_वाट
मी सांगते ते अनुभवाचे आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी रायबंदरच्या रस्त्यावर शेवाळलेल्या कडेला चाक घसरले. समोर गाडी नव्हती, वेगही फार नव्हता. कानाच्या वरच्या बाजूने आपटले. घरी येऊन हेल्मेट उलटे करून पाहिले, तर वरचे कवच जवळजवळ तसेच होते, पण आतला थर्माकोल बोटभर लांबीने चिरला होता आणि एका जागी दबून चपटा झाला होता. तो थर स्वतः चिरडून आघात झेलतो, म्हणून असे हेल्मेट पुन्हा वापरू नये.

निळी_सायकल
पावसात हेल्मेटला वास येतो. आतल्या गाद्या काढून सौम्य साबणाच्या पाण्यात धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. पेट्रोल किंवा थिनर लावू नये, फोम खराब होतो.

मांडवीकाठ
गाद्या कशा धुवाव्यात हे मी विचारले नव्हते, तरी आभार. फोंडेकरांसाठी: आम्ही अकरा जण मिरामारहून रायबंदरमार्गे जुने गोवे गाठतो, कधी फेरीबोटीने दिवाडीवर जातो, वेग ताशी वीसच्या आसपास. ते सदस्य माझे वडील आहेत, वय ६७. गेल्या महिन्यात मी त्यांना हेल्मेट दिले होते. दहा मिनिटांत परत केले. घाम येतो, मान दुखते आणि मागचा हॉर्न ऐकू येत नाही, असे म्हणाले.

फोंडेकर
हॉर्न ऐकू येत नाही? सायकलचे हेल्मेट कान झाकत नाही. तुम्ही दिले ते कोणते होते?

मांडवीकाठ
माझ्या स्कूटरचे. आयएसआय शिक्का असलेले, चांगले होते.

रुग्णसेविका
मग वडिलांची तक्रार खरी आहे. तो शिक्का मोटारसायकलच्या हेल्मेटचा, जास्त जोराच्या आघातासाठी वजनदार बनवलेले आणि कान झाकणारे ते हेल्मेट पायडल मारताना उकडणारच. सायकलचे हेल्मेट हलके आणि झरोक्यांचे असते. ईएन १०७८ या युरोपीय मानकात ते सुमारे दीड मीटरवरून, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या वेगाने सपाट पृष्ठावर आपटून तपासतात. तुमच्या वेगाने घसरून पडण्यासाठी ते आहे. ट्रकच्या धडकेपासून ते वाचवेल, असे त्यांना सांगू नका, कारण ते खरे नाही.

पेडलवाला
सक्तीला माझा विरोध कायम आहे. पण इथे माणसाने निवड केलीच नव्हती, त्यांना चुकीची वस्तू दिली गेली. आधी योग्य हेल्मेट द्या आणि मग त्यांना ठरवू द्या. नियमात एक महिन्याची मुदत ठेवायला काय हरकत आहे?

चोडणची_फेरी
मुदतीला माझा पाठिंबा आहे. भुवयांच्या थोडे वर टेप गुंडाळून घेर मोजा. हेल्मेट भुवयांपासून दोन बोटांवर सपाट बसावे आणि पट्टे कानाखाली एकत्र यावेत.

मांडवीकाठ
मजकुरात महिन्याची मुदत घातली आहे. स्कूटरच्या हेल्मेटबद्दल बाबांची माफी मागितली. घेर ५७ सेंटीमीटर भरला. टेप त्यांनीच धरली आणि कान उघडे राहतात ना, हे दोनदा विचारले. उद्या सकाळी म्हापशाच्या दुकानात दोघे मिळून जात आहोत. घ्यायचे की नाही, हे तिथे तेच ठरवतील.