‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे नेमकं काय आलं?

सोलापुरात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीला येणाऱ्या बायकांचं समुपदेशन मी करते. त्यांच्यात एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या, चालू असलेल्या बऱ्याच जणी असतात. सध्या तपासणीचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र नव्यानं मराठीत लिहायला घेतलंय आणि ‘पॉझिटिव्ह’ या शब्दापाशी अडले आहे.

मागच्या महिन्यात एक बिडी वळणारी बाई आली. घरी तेलुगू, बाहेर मराठी. पानं कापून कापून अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडलेला. तिच्या तपासणीत एचपीव्ही, म्हणजे ज्याच्यामुळे पुढं हा कॅन्सर होऊ शकतो तो विषाणू, आढळला होता. मी म्हटलं, “तुमची एचपीव्ही पॉझिटिव्ह आलीय.” ती शांतपणे म्हणाली, “ते तं बारा वर्षं झालं हायच की ताई. गोळ्या चालू हायत, एक बी चुकवत नाही.” आणि पदर सावरून निघालीच. तिला परत बसवलं. हा विषाणू वेगळा, हा पिशवीच्या तोंडाशी असतो, याची पुढची तपासणी लागेल, हे सांगण्यात अर्धा तास गेला. ती दाराबाहेर पडली असती तर ती पुढची तपासणी कधीच झाली नसती.

त्याच आठवड्यात उलटं घडलं. एचआयव्ही नसलेल्या बाईनं ‘एचपीव्ही’ ऐकलं, पण कानात शिरलं ‘एचआयव्ही’. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. “घरात काय सांगू?” एवढंच विचारत राहिली.

एक अक्षर इकडचं तिकडं, पुढं तोच ‘पॉझिटिव्ह’. याला मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद, पुण्याहून: कोश ‘सकारात्मक’ किंवा ‘होकारार्थी’ देतील, पण दोन्ही इथं नकोत. ‘अहवाल सकारात्मक आला’ म्हटलं की साध्या माणसाला वाटतं, सगळं छान आहे. करोनात वर्तमानपत्रांनी हा घोळ भरपूर घातला. ‘बाधित’ सुचवतो.

प्रतिसाद, अक्कलकोटहून: ‘बाधित’ला माझा विरोध आहे. बाधा म्हटलं की आमच्याकडे आधी भूतबाधा आठवते, मग विषबाधा. ज्या बाईला आधीच सासरी वेगळं ताट-वाटी दिली जाते, तिला आणखी ‘बाधा’ चिकटवू नका. ‘एड्सग्रस्त’ तर चूकच आहे. एचआयव्ही म्हणजे एड्स नव्हे, आणि रोज गोळी घेऊन ठणठणीत कामाला जाणारी बाई कशानं ‘ग्रस्त’? तुमच्या त्या बाईनं स्वतःसाठी शब्द दिलाच आहे. गोळ्या चालू आहेत. तेवढं पुरतं.

प्रतिसाद, बार्शीहून: शब्दाच्या अलीकडचं थोडं. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे सहापट असते. एचपीव्ही पुष्कळ बायकांना होतो आणि बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. प्रतिकारशक्ती खालावली असेल तर तो मुक्काम ठोकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये एचआयव्ही असलेल्या स्त्रियांची तपासणी २५ व्या वर्षापासून सुरू करायला सांगितलं. इतरांची ३० पासून.

आणि हे ज्ञान लांबून आलेलं नाही. आमच्या बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयानं टाटा मेमोरियलबरोबर शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्हीची एकच तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. त्या खेड्यापाड्यांतल्या बायकांमुळे जगाला कळलेली गोष्ट त्यांच्याच भाषेत नीट सांगता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं.

एक सुचवू? एचपीव्हीला ‘चामखिळीच्या जातीचा विषाणू’ म्हणा. शास्त्राला धरून आहे, आणि एचआयव्हीशी गल्लत व्हायची नाही.

पुन्हा मी: बार्शीकरांचा शब्द काल दोघींसमोर वापरून पाहिला. एकीला लगेच पटला. दुसरीनं हात पुढं करून दाखवला, “चामखीळ तं कुटंच नाही मला.” मग ‘तसलाच, पण आतला’ अशी जोड द्यावी लागली.

‘पिशवीचं तोंड’ मात्र ठेवतेच. जुन्या पत्रकात ‘गर्भाशय ग्रीवा’ होतं. ते वाचून एकीनं गळ्याला हात लावून विचारलं होतं, ग्रीवा म्हणजे मान ना? पण नुसतं ‘पिशवी’ ऐकलं तरी बाई घाबरते, कारण पिशवी काढलेल्या दोघी-चौघी प्रत्येकीच्या ओळखीत आहेत. तेव्हा ‘पिशवी काढायची नाही’ हे पहिल्याच ओळीत येईल. तपासणीत पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं औषध लावल्यावर दिसतो त्याला ‘पांढरा डाग’ म्हणायचं, नुसतं ‘पांढरं’ नाही. नाहीतर अंगावरून पांढरं जाण्याबद्दलच बोलणं चाललंय असं वाटतं.

आणि ‘पॉझिटिव्ह’ला एकच प्रतिशब्द शोधण्याचा हट्ट मी सोडला. कशात काय आढळलं आणि आता काय करायचं, हे अख्ख्या वाक्यात सांगायचं. तेही दार लावून. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं गुप्तता हा त्या बाईचा हक्क आहे आणि व्हरांड्यात मोठ्यानं उच्चारलेला ‘पॉझिटिव्ह’ तो हक्क मोडतो.

पत्रकातला मजकूर असा केलाय: “तुमची पिशवी काढायची नाही. पिशवीच्या तोंडाशी चामखिळीच्या जातीचा, पण आतला, विषाणू आढळला आहे. हा एचआयव्ही नाही. हा कॅन्सरही नाही. पुढं कॅन्सर होऊ नये म्हणून आणखी एक तपासणी करायची आहे.”

अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या कन्नड बोलणाऱ्या बायका ‘पिशवीच्या तोंडा’ला काय म्हणतात, कुणी सांगेल का? पुढचं पत्रक त्यांच्यासाठी आहे.